पाळीपाळीनं

६ ऑगस्ट २०१८

दोन रेघा!

सकाळी बाथरूममध्ये पाहिलं, मग खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं, मग अनंतला उठवलं. तो चष्मा शोधायला लागला. म्हटलं, अरे, दोनच आहेत, चष्म्यावाचूनही मोजता येतील.

तीन वर्षं डॉक्टर, इंजेक्शनं, गोळ्या. एप्रिलमध्ये दोघंही कंटाळलो आणि सगळं बंद केलं. आणि आता हे — आपलं आपण!

फार आनंद झाला. मग चहा ठेवला. आणि चहाला उकळी येईपर्यंत मनात काय आलं? यंदा माझा नंबर नाही.

शी! एवढी वाट पाहिली त्या बातमीची, आणि डोक्यात पहिल्यांदा शिरली कोण, तर शाळा!

७ ऑगस्ट

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. सासरे म्हणून कधी फार बोलत नाहीत. डोळे पुसले, उठून देवापुढे साखर ठेवली, परत ताटावर आले. मग म्हणाले, "तोंड का उतरलंय मग?"

अनंत म्हणाला, "तिचा नंबर नाही ना यंदा."

"कसला नंबर?"

सांगावं लागलं. आजवर घरात अनंतशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी बाळंतपणाची रजा वाढली, कायद्यानं सव्वीस आठवडे झाली. त्यावर आमच्या मुख्याध्यापिका वासंती मॅडमनी शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षिकांना थांबवून घेतलं. साहेबांना काळजी पडलीय म्हणाल्या. साहेब म्हणजे सर्जेराव, संस्थापक. धायरीत त्यांच्याच वावरावर शाळा उभी आहे. "दोघीतिघी एकदम रजेवर गेल्या तर शाळा कशी चालायची? तेव्हा आपण समजुतीनं घेऊ. वर्षाला एक. पाळीपाळीनं." मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसली. मॅडमना कळलंच नाही का हसली ते.

ज्यांना मूल हवं त्यांची नावं त्यांनी तिथल्या तिथे विचारून घेतली. ज्या वर्षी ज्या बाईचा नंबर, त्या वर्षी बाकीच्यांनी 'काळजी घ्यायची'. पहिला नंबर मला दिला, कारण माझे उपचार चालू होते ते त्यांना ठाऊक होतं. आणि मी काय केलं? थँक्यू म्हटलं! उपकार झाल्यासारखं. वर्ष गेलं, काही झालं नाही. यंदा शालूचं वर्ष.

बाबांनी घास खाली ठेवला. "मूल म्हणजे गॅसचा सिलिंडर आहे काय? नंबर लावायचा, आला की पावती दाखवायची?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. बँकेत जन्मभर युनियनचं काम केलेला माणूस. "हे सरळ सरळ बेकायदा आहे," म्हणाले. आणि पुढे, हळूच, "आणि घाणेरडं आहे."

वर्षभर मला हा शब्द सुचला नव्हता.

२२ ऑगस्ट

ओकाऱ्या. स्टाफरूममध्ये पाऊल टाकवत नाही. फिनेल, कुणाच्या तरी डब्यातली शेपू, कोंदट पडदे. तासाच्या मध्ये दोनदा बाहेर पळाले. आठवीची पोरं गप्प बसून राहिली — बिचारी घाबरली असावीत.

शालूनं ओळखलं. तिसरीला शिकवते, मूळची धायरीचीच, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आल्यापासून आम्ही दोघी एका डब्यात जेवतो. गाड्या लावतो तिथं गाठलं तिनं मला.

"तुला दिवस गेलेत व्हय?"

हो म्हटलं. मला वाटलं मिठी मारेल. ती माझ्या गाडीच्या आरशाकडे बघत राहिली.

"यंदा माझा नंबर हाय, नीरजा."

"अगं, मला तरी काय ठाऊक? आम्ही आशा सोडली होती."

"एक वर्ष थांबता आलं नाही? आता मला पुढच्या वर्षी ढकलतील. सासू दर महिन्याला विचारते. तिला काय सांगू? शाळेत नंबर लागला नाही म्हणून?"

मी म्हटलं, आपण दोघी मिळून मॅडमना सांगू की हे नंबर-बिंबर आम्हाला मान्य नाही. ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी तिच्या तोंडावर थुंकलेय. गाडी काढली आणि गेली.

इतका राग? शालूला? माझ्यावर?

३० ऑगस्ट

आज मॅडमना सांगितलं. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

त्या मोसंबं सोलत होत्या. त्यांचं बोलणं नेहमी गोड, सदाशिव पेठी, 'अगं बाई' करत. म्हणाल्या, "अगं बाई! अभिनंदन. अभिनंदन तर आहेच." एक फोड तोंडात. "पण हे नैतिक नाही झालं, नीरजा. शालूचा हक्क मारलास तू."

हक्क!

मी म्हटलं, मॅडम, तिलाही रजा द्या, मलाही द्या, कायदा दोघींना देतो. त्या हसल्या. "कायदा वर्गावर उभा राहतो का? वर्गावर बाई लागते." मग बी काढून टिचकीनं टोपलीत उडवली, आणि अगदी प्रेमानं विचारलं, "किती झालेत?"

"दोन महिने होतील."

"म्हणजे अजून उशीर झालेला नाही."

मला आधी कळलंच नाही. खरंच कळलं नाही. उशीर कशाला? मग त्यांनी डोळे न हलवता तसंच पाहत राहून दुसरी फोड माझ्यापुढे धरली. "घे ना. मळमळीला बरं असतं."

त्यांच्याच बेसिनमध्ये ओकले. मुद्दाम नाही. पण वाईट वाटलं असं मुळीच म्हणणार नाही.

३१ ऑगस्ट

मोसंब्याचा वास हातातून जात नाही. मी तर हात लावला नव्हता.

१४ सप्टेंबर

बदल्या सुरू. आठवी-नववीचं विज्ञान काढून घेतलं. पाचवीचं गणित दिलं — चौथा मजला. लिफ्ट पाहुण्यांसाठी. बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर.

विचारायला गेले तर सर्जेराव साहेब स्वतःच बसलेले. पांढरेशुभ्र कपडे, हातात दोन फोन. "मोठी पोरं असत्यात आठवी-नववीला. त्यांच्यासमोर असं पोट घेऊन... बरं दिसत नाही, बाई. आपली शाळा संस्काराची हाय."

अजून पोट दिसतसुद्धा नाही! त्यांनी डोळ्यांनी शोधलं मात्र. साडीवरून नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं.

त्याच पोरांना मी गेल्या महिन्यापर्यंत पेशी शिकवत होते, बेडकाचं जीवनचक्र शिकवत होते. बेडकानं काही बिघडत नाही.

"आणि जिन्याचं म्हणाल," ते पुढे म्हणाले, "तर आमची आय सकाळी बाळातीण झाली आन् दुपारी खुरपायला गेली. तुमाला गाडीवर यायचं, पंख्याखाली बसायचं, तरी तरास?"

तुमच्या आईंना कुणी विचारलं होतं का, जायचंय का म्हणून? — हे मला सुचलं कुठे, तर राजाराम पुलावर. घरी येईपर्यंत चार उत्तरं तयार. तिथं मात्र 'बरं' म्हणून आले. थू माझ्या जिभेवर!

२ ऑक्टोबर

सुट्टी. दिवसभर झोपले. अनंत सांगत होता, खडकीला त्यांच्या फॅक्टरीत हिशेब खात्यातली बाई रजेवर गेली. अर्ज टेबलावर ठेवला, पेढे वाटले, गेली. देशाचा दारूगोळा काही थांबला नाही. आमच्याकडे पाचवीचं गणित थांबतं.

१९ ऑक्टोबर

शालू आता डबा घेऊन वर्गातच बसते. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे बघते. आज मुद्दाम वाटेत उभी राहिले. "शालू, माझ्यावर राग धरून काय मिळणार? नियम मी केला का?"

"तुझं चाललंय ना चांगलं? मग झालं."

एवढंच. डोळे पाण्यानं भरलेले होते पण. काय आहे हिच्या मनात? एका वर्षाच्या नंबरासाठी माणूस इतकं तुटतं?

मॅडम तिला हल्ली 'बाळ' म्हणून हाक मारतात. सगळ्यांदेखत पाठीवर हात फिरवतात. ती आक्रसते. मी पाहिलंय.

२९ नोव्हेंबर

दवाखान्यातून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

परवा परीक्षेची देखरेख. खुर्च्या काढून घेतलेल्या — बसलं की बाई झोपते म्हणे. वर-खाली किती वेळा झालं कुणास ठाऊक. दुपारी साडीला डाग दिसला. लाल.

काय वाटलं ते लिहिता येत नाही. सरुबाई, आमच्या शिपाईणबाई, त्यांनी मला धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं, स्वतः बरोबर आल्या. अख्ख्या वाटेत मी एकच म्हणत होते, राहू दे, राहू दे, राहू दे.

राहिलं. ठोके ऐकवले डॉक्टरांनी. घोडा पळाल्यासारखे. अनंत भिंतीला टेकून खाली बसला.

आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी मॅडमचा फोन. मी उचलला. "ऐकलं अगं! मग काय... गेलं का?"

आवाजात काळजी नव्हती. आशा होती. मी चुकून असं ऐकलं म्हणावं, तर 'नाही, सगळं ठीक आहे' म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पसरली, ती? तीही चुकून?

"अरे वा," म्हणाल्या मग. "छान."

फोन गादीवर टाकला आणि साबण लावून कान धुतला. खरंच धुतला. नर्स बघत होती.

३० नोव्हेंबर

आता मी 'बरं' म्हणणार नाही.

१२ डिसेंबर

रजेचा अर्ज दिला. बाबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. कायद्याचं नाव, कलम, बसायला खुर्ची, तळमजल्यावर वर्ग, मार्चपासून रजा. पोचवर सही मागितली. मॅडमनी पेन उचललंच नाही. "घरच्यांनी शिकवलेलं दिसतंय."

"हो. तुम्ही नाही शिकवलंत म्हणून."

हे मात्र तिथल्या तिथे सुचलं! आज पोळी जास्त खाल्ली.

७ जानेवारी २०१९

काढलं.

पालकांच्या तक्रारी, कामात लक्ष नाही, वर्तन उद्धट. आज दुपारपासून येऊ नये. अकरा वर्षांत एक तक्रार नाही, आणि आता ढीगभर!

आज शाळेत पालक महिलांचं हळदीकुंकू ठरवायची बैठक होती. मी टेबलातून माझे खडू, डस्टर, शाल पिशवीत भरत होते आणि शेजारच्या खोलीतून मॅडमचा आवाज — "आई ही मुलाची पहिली शाळा असते, हे आपण बोर्डावर लिहू या."

टाळ्या वाजल्या.

बाहेर पडताना पाचवीतल्या मुलींनी विचारलं, टीचर, उद्या येणार ना? काय सांगणार! हो म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलायला लावलं मला, तेही ह्यांनीच.

८ जानेवारी

सकाळी सवयीनं साडी नेसून तयार झाले. मग तशीच पलंगावर बसून राहिले. बाबा चहा घेऊन आले. त्यांना चहा करता येतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. येत नाहीच.

"नेसलीच आहेस तर चल," म्हणाले. "कामगार खात्याच्या ऑफिसात जाऊन येऊ."

१० जानेवारी

तक्रार दिली. तिथल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, सर्दीनं हैराण, नाक पुसत पुसत सगळं ऐकलं. मध्ये फक्त एकदा थांबवलं. "नंबर? म्हणजे गरोदर राहायचा नंबर?"

हो म्हटलं.

त्यांनी रुमाल खाली ठेवला. "पुन्हा सांगा. सावकाश."

म्हणाल्या, गरोदर बाईला त्या कारणावरून काढता येत नाही. पण शाळा म्हणणार की कारण ते नव्हतंच, काम वाईट होतं. तेव्हा हा नंबरांचा प्रकार कुणीतरी दुसऱ्या बाईनं सांगितला पाहिजे. एकीनं तरी.

एक? नऊ जणी होत्या त्या दिवशी खोलीत. हसली तीसुद्धा होती.

२४ जानेवारी

फोन लावतेय. एकीनं उचललाच नाही. एक म्हणाली, माझ्या नवऱ्याची नोकरी गेलीय गं, मला नको ओढू. एक म्हणाली, असं काही होतं का? मला आठवत नाही. तिनं स्वतःचं नाव तिसऱ्या नंबराला सांगितलं होतं! नीरज नाव ठेवीन म्हणाली होती मुलाचं, माझ्यावरून, हसत हसत.

शालूला लावला नाही. काय उपयोग?

५ फेब्रुवारी

सुनावणी. पोट सांभाळत बाबांबरोबर गेले. अनंतलाही रजा मिळाली.

शाळेची गाडी भरून आली. मॅडम पुढे, मागे सहा जणी, कडक इस्त्रीच्या साड्या. गाडीत सगळ्यांना काय बोलायचं ते पाठ करून घेतलं असणार — एकसारखी वाक्यं. 'असा कोणताही क्रम नव्हता.' 'मॅडमनी नेहमी सहकार्य केलं.' 'नीरजा मॅडमचं वर्तन बदललं होतं.' माझ्याकडे कुणी बघेना. माझ्या पोटाकडे मात्र सगळ्या बघत होत्या.

शालू शेवटी. अधिकारी बाईंनी विचारलं, "यंदा तुमचा नंबर होता, असं या म्हणतात."

"नाही. असं काही नव्हतं." आवाज असा, जणू दुसरंच कुणी तिच्या तोंडातून बोलत होतं.

"तुमच्यावर कधी दबाव आला?"

मॅडमनी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोल, बाळ."

"नाही," शालू म्हणाली.

बाहेर आल्यावर मॅडमनी सगळ्यांना टपरीवर चहा आणि क्रीमरोल दिले. मीही दिसले त्यांना. "नीरजा, तूही घे. दोन जिवांची आहेस."

किळस आली. सहा जणींची आली, क्रीमरोलची आली, दीड वर्षापूर्वी थँक्यू म्हणालेल्या माझीही आली. शालू क्रीमरोल हातात धरून उभी होती. खात नव्हती, टाकतही नव्हती.

रिक्षात बाबा म्हणाले, "घाबरलेल्या माणसांवर रागावू नये."

म्हटलं, बाबा, आज मला रागावू द्या.

१३ फेब्रुवारी

पुढची तारीख मार्चमधली. तोवर नवीन साक्षीदार मिळाला तर बघा, म्हणाल्या बाई. कुठून मिळणार?

बाळ लाथा मारतं. फक्त तेवढंच चांगलं आहे ह्या दिवसांत.

२१ फेब्रुवारी

शालू आली होती. इथे, कसब्यात, तीन जिने चढून. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.

"सकाळी एकटीच ऑफिसात गेलते. त्या बाईंना सगळं खरं सांगून आले. मॅडमचं नाव घेऊन. सहीपण केली."

म्हटलं, शालू, तुझी नोकरी जाईल गं.

"जाऊ दे." मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "मागल्या साली मला दिवस गेलते, नीरजा. मॅडम म्हणाल्या, हे नीरजाचं वर्ष हाय. म्हणून पाडलं. आमच्या ह्यांनापण ठाऊक नाही."

ती गेली. मी अजून दारातच बसलेय.

माझं वर्ष! ते तर रिकामंच गेलं होतं.